ब्रिक लेन, घर क्रमांक ५९

लंडनच्या पूर्व भागातल्या स्पिटलफील्ड्सला जायचं तर तारखेच्या आधी वार ठरवावा. शुक्रवारी दुपारी मशिदीत पाहुण्यांना वाव नसतो. त्याच दिवशी संध्याकाळपासून शनिवारचा अंधार पडेपर्यंत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पर्यटकांना बंद असतं, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असते. तिन्ही निवांत बघायची तर मंगळवार ते गुरुवार हे दिवस चांगले. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले बुधवार ते शुक्रवार धरले. शुक्रवार मुद्दाम ठेवला, कारण या गल्लीतली जुम्म्याची गर्दी रस्त्यावरूनच बघण्यासारखी असते.

तीन दिवसांचा मध्यबिंदू एकच इमारत होती. ब्रिक लेन आणि फोर्नियर स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरची, घर क्रमांक ५९. पावणेतीनशेहून अधिक वर्षांत तिथे एकामागून एक पाच मंडळींनी प्रार्थना केली. ‘चर्च, मग सिनेगॉग, मग मशीद’ असं तीन शब्दांत तिचं वर्णन सगळीकडे वाचायला मिळतं. ते चूक नाही, पण खरी गोष्ट त्यातून गळून जाते.

पहिला दिवस, बुधवार: फोर्नियर स्ट्रीट

हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने थेट लिव्हरपूल स्ट्रीटला उतरता येतं. तिथून पायी दहा मिनिटं. ब्रिक लेनच्या दक्षिण टोकाला जायचं असेल तर ऑल्डगेट ईस्ट हे भुयारी रेल्वेचं स्टेशन जवळ पडतं. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, त्यामुळे कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड हाताशी असू द्यावं. रेल्वेत मात्र स्टेशनात शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा एकच कार्ड टेकवावं. एकदा कार्ड आणि एकदा फोन असं केलं तर यंत्र दोन अपुरे प्रवास समजून जास्त पैसे कापतं.

ब्रिक लेनवर एकदम न जाता सुरुवात कमर्शियल स्ट्रीटवरच्या क्राइस्ट चर्चपासून करावी. निकोलस हॉक्समूर या वास्तुकाराने १७१४ ते १७२९ या काळात बांधलेलं हे पांढऱ्या पोर्टलंड दगडाचं चर्च. पुढे चार जाडजूड खांब, मधल्या दोन खांबांवर कमान, आणि त्यावर निमुळता होत जाणारा मनोरा. आजूबाजूची घरं तीन-चार मजली असल्याने तो दुरूनच दिसतो, आणि तसा दिसावा हाच हेतू होता. १७११ च्या कायद्याने लंडनमध्ये पन्नास नवी चर्चेस बांधायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात बाराच्या आसपास झाली. त्यातलं एक इथे आलं, कारण हा भाग राजमान्य अँग्लिकन चर्चच्या बाहेर प्रार्थना करणाऱ्यांचा होता, आणि त्यांत फ्रेंच बोलणारे ह्यूगनॉट, म्हणजे फ्रान्सचे प्रोटेस्टंट, पुष्कळ होते.

१६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा आदेश रद्द केला आणि फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य संपलं. त्यातले हजारो लोक समुद्र ओलांडून इंग्लंडला आले. स्पिटलफील्ड्समध्ये जे स्थिरावले त्यांच्यात रेशीम विणणारे बरेच होते. क्राइस्ट चर्चच्या बाजूने फोर्नियर स्ट्रीटमध्ये शिरल्यावर मान वर करून छपरांकडे बघावं. सगळ्यात वरच्या मजल्यावर भिंतीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची खिडकी दिसते. येवल्यात माग चालताना ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगावं लागणार नाही: धाग्याचा रंग आणि तुटलेलं टोक दिवसाच्याच उजेडात नीट दिसतं. म्हणून इथे माग माळ्यावर. शेजारच्या प्रिन्सलेट स्ट्रीटवर दोन नंबरच्या घरावर अ‍ॅना मारिया गार्थवेट या रेशमी कापडाच्या नक्षीकार बाईंची स्मृतिपाटी आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लिश रेशमावरच्या फुलांची कितीतरी आरेखनं याच घरात तयार झाली.

फोर्नियर स्ट्रीट चालायला चार मिनिटं पुरतात. एका टोकाला हॉक्समूरचा दगडी मनोरा, दुसऱ्या टोकाला विटांची एक सपाट, चौकोनी, पेटीसारखी इमारत. आपण जिच्यासाठी आलो ती हीच का, असं पहिल्यांदा वाटतं. पण तिचं साधेपणच तिच्या दीर्घायुष्याचं कारण असावं, असं आमचं मत आहे.

ह्यूगनॉट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतले. त्यांच्या उपासनेचा गाभा म्हणजे प्रवचन. त्यांना मूर्ती, चित्रं, भव्य वेदी काहीच नको होतं. हवं होतं एक मोठं दालन, वर सज्जे, भरपूर उजेड, आणि बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतकाच आकार. बाहेरून खिडक्यांच्या दोन रांगा दिसतात: खालची ठेंगणी, वरची उंच आणि अर्धगोल कमानीची. ज्या दालनात सज्जे असतात त्याच्या खिडक्या अशाच असाव्या लागतात. खालच्या खिडक्या सज्ज्याखाली उजेड देतात, वरच्या सज्ज्यावर आणि मधल्या मोकळ्या जागेत. या इमारतीचं फ्रेंच नाव ‘नव एग्लीझ’, म्हणजे नवं चर्च. थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या जुन्या फ्रेंच चर्चची ही शाखा होती.

फोर्नियर स्ट्रीटच्या बाजूला त्रिकोणी माथ्यात एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर १७४३ हे साल आणि दोन लॅटिन शब्द: ‘उम्ब्रा सुमुस’. आपण छाया आहोत. शब्द रोमन कवी होरेसचे; त्याच्या मूळ ओळीत ‘धूळ आणि छाया’ असं आहे. पाची मंडळींपैकी कुणीही हे शब्द खरवडले नाहीत. त्यात कुठल्या देवाचं नाव नाही आणि कुणाची प्रतिमा नाही, त्यामुळे कुणाला खरवडावेसे वाटलेही नसतील.

आम्हाला दिवसभर ढग आणि भुरभुर पाऊस मिळाला. ज्यांना ऊन मिळेल त्यांच्यासाठी सूर्यघड्याळाचा हिशेब देऊन ठेवतो. ही जागा ग्रीनिचच्या शून्य रेखांशाच्या अगदी लगत आहे. रेखांशाचा फरक वीस सेकंदांच्याही आत येतो, तो सोडून द्यावा. पण सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्यघड्याळ सुमारे १६ मिनिटं पुढे असतं, फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे १४ मिनिटं मागे. शिवाय मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इंग्लंडची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. नोव्हेंबरात काट्याची सावली बारावर आली तर मनगटावर ११ वाजून ४४ मिनिटं झालेली असतील.

त्या माथ्याखाली उभं राहूनच पाचांचा क्रम मनात पक्का करावा. १७४३ पासून ह्यूगनॉट. १८०९ पर्यंत त्यांची नातवंडं-पतवंडं इंग्लिश बोलू लागली होती आणि फ्रेंच प्रवचन ऐकणारे कमी झाले होते. १८०९ मध्ये इमारत घेतली ज्यूंमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवण्यासाठी लंडनमध्ये नुकत्याच निघालेल्या संस्थेने. दहा वर्षांत यश फारसं आलं नाही. १८१९ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे लोक आले आणि १८९७ पर्यंत राहिले. पाचांत सगळ्यात लांब मुक्काम त्यांचा, आणि आज गल्लीत सगळ्यात पुसट खूणही त्यांचीच. १८९८ मध्ये सिनेगॉग झालं. १९७६ मध्ये मशीद.

म्हणजे ज्या दालनातून ज्यूंना ख्रिस्ती करण्याचा दहा वर्षं प्रयत्न झाला, तिथेच ऐंशी वर्षांनी ज्यू स्वतःचे धर्मग्रंथ घेऊन आले. ‘चर्च, सिनेगॉग, मशीद’ या तीन शब्दांत हे सापडत नाही. आणखी एक गोष्ट सापडत नाही: इथे कुणी कुणाला हुसकावून लावलं नाही. बहुतेक वेळा मंडळी थोडी सुस्थितीत आली की बऱ्या वस्तीत राहायला गेली, आणि रिकामी जागा पुढच्या गरिबांनी घेतली.

संध्याकाळी ब्रिक लेनच्या उत्तर टोकाला बेगल, म्हणजे मधे भोक असलेले गोल पाव, खावेत. तिथे शेजारी-शेजारी दोन जुनी बेगलची दुकानं आहेत, रात्रीही गर्दी असते. बेगल भट्टीत घालण्याआधी पाण्यात उकळतात, म्हणून त्याची साल चिवट आणि चकचकीत होते आणि आतला भाग घट्ट राहतो. प्रसिद्ध आहे तो सॉल्ट बीफचा, म्हणजे गोमांसाचा. ते खात नसाल तर अंड्याचा किंवा क्रीम चीजचा मागावा. मोहरी तिखट लागते, अगदी नाकात जाते. आधी थोडीच लावायला सांगावं.

दुसरा दिवस, गुरुवार: मशिदीत आणि सँडीज रोला

मशिदीत जाण्यासाठी दोन नमाजांमधली वेळ निवडावी. नोव्हेंबरात दिवस लहान, त्यामुळे दुपारच्या तिन्ही नमाजा एकमेकींच्या फार जवळ येतात: दुपारची बारानंतर लगेच, मधली दोन-अडीचच्या सुमारास आणि सूर्यास्ताची साडेचारच्याही आत. सकाळी दहा-अकराची वेळ सगळ्यात मोकळी. दारात विचारून आत जावं, चपला-बूट कप्प्यात ठेवावेत, गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत, स्त्रियांनी ओढणी किंवा स्कार्फ बरोबर ठेवावा. मोठा गट असेल तर आधी कळवणं बरं. फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि नमाज पढणाऱ्या माणसाच्या पुढून चालत जाऊ नये.

आत काय बघायचं? पहिल्या नजरेला गालिचा आणि पांढऱ्या भिंती, एवढंच. डोळा हळूहळू लागतो. खिडक्या तिथेच आहेत जिथे फ्रेंच प्रवचनासाठी होत्या. बाक गेले, वेदी नव्हतीच, ज्यूंचा धर्मग्रंथ तोरा ठेवण्याचं कपाट गेलं, आणि दिशा दाखवणारी जागा आली.

दिशेचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. सिनेगॉगचा रोख जेरुसलेमकडे असावा लागतो आणि मशिदीचा मक्केकडे. पृथ्वीच्या गोलावरून सरळ रेष ओढली तर लंडनहून जेरुसलेम उत्तरेपासून सुमारे ११४ अंशांवर येतं, मक्का सुमारे ११९ अंशांवर. फरक फक्त पाच अंशांचा. इतक्या लांबून दोन्ही प्रार्थना खोलीच्या जवळजवळ एकाच बाजूकडे तोंड करतात. होकायंत्र असलेला फोन असेल तर आत जाण्याआधी रस्त्यावर दिशा बघून ठेवावी, कारण लोखंडाजवळ त्याचा काटा बहकतो. जुन्या इमारतीची मशीद झाली की भिंती आणि किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. मेळ नसेल तर भिंती तशाच ठेवून गालिच्यावरच्या रांगांच्या रेघा तिरक्या टाकतात. अशा कुठल्याही मशिदीत आधी त्या रेघा बघाव्यात.

दाराशी बसलेल्या वयस्कर सिल्हेटी चाचांना पाहुण्यांची सवय होती. कुठून आलात, या प्रश्नाला ‘मुंबईकडून’ म्हटल्यावर त्यांनी आधी तिथल्या पावसाची चौकशी केली, मग चपलांच्या कप्प्याचा नंबर लक्षात ठेवायला बजावलं. हा सल्ला खरंच कामाचा आहे, कारण नमाज सुटल्यावर त्या कप्प्यांपाशी पाय ठेवायला जागा नसते.

इथले बहुतेक लोक मूळ बांगलादेशातल्या सिल्हेट भागातले. सिल्हेटचे खलाशी ब्रिटिश जहाजांवर काम करत लंडनच्या गोद्यांपर्यंत आले होते. त्यांच्या मागून विसाव्या शतकाच्या मध्यावर कारखान्यांत आणि शिवणकामात माणसं आली, आणि सत्तरच्या दशकात कुटुंबं. त्यांच्याआधी १८८१ नंतर रशियाच्या साम्राज्यातल्या दंगलींतून पळालेले ज्यू इथे शिंपीकाम करत होते आणि त्यांच्याआधी ह्यूगनॉट विणकर. इमारतीबरोबर सुई-दोऱ्याचा धंदाही हातोहात पुढे गेला.

सिनेगॉगच्या काळातली मंडळी ‘माखझिके हदाथ’ या नावाची, म्हणजे धर्म घट्ट धरून ठेवणारे. लंडनमधले प्रस्थापित ज्यू खाण्यापिण्याच्या नियमांत ढिले पडलेत असं या कर्मठ लोकांचं म्हणणं होतं. पहिल्या महायुद्धात युरोपात अडकलेले रब्बी (ज्यू धर्मगुरू) अब्राहम आयझॅक कूक १९१६ पासून काही वर्षं इथले रब्बी होते. पुढे ते ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनचे पहिले अश्कनाझी, म्हणजे युरोपीय ज्यूंचे, मुख्य रब्बी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यू कुटुंबं उत्तर लंडनला सरकली आणि ही मंडळीही गोल्डर्स ग्रीनला गेली.

इथे मराठी माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली, मराठीत आपल्या सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये त्यांनी बांधलेलं शाअर हारहमीम हे सिनेगॉग अजून आहे, आणि जवळच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. ब्रिक लेनवर शब्दासाठी जो बदल व्हायला १९७६ उजाडावं लागलं, तो मराठीत कधीच करावा लागला नव्हता.

दुपारी सँडीज रो. लिव्हरपूल स्ट्रीटकडे परत जाताना एका अरुंद गल्लीत हे छोटं सिनेगॉग आहे. आमच्या मते तीन दिवसांतली सगळ्यात शिकवणारी जागा हीच, आणि बहुतेक लोक ती चुकवतात. आधी नोंदणी करूनच जावं. दारात सामानाची तपासणी होते, ओळखपत्र मागतात, मोठ्या पिशव्या मुक्कामावरच ठेवाव्यात. पुरुषांना डोकं झाकावं लागतं. टोपी तिथे मिळते.

ही इमारतही १७६६ मध्ये ह्यूगनॉटांचंच चर्च म्हणून उभी राहिली. १७९३ च्या सुमारास इथे एलहानन विंचेस्टरची युनिव्हर्सलिस्ट मंडळी जमू लागली: देव शेवटी सगळ्यांनाच तारतो, कुणीही कायमचा नरकात राहत नाही, असं मानणारे ख्रिस्ती. पुढे याच मंडळीतून साउथ प्लेसची विवेकवादी संस्था वाढली, जिचं कॉनवे हॉल लंडनमध्ये अजून चालू आहे. १८६७ मध्ये इमारत घेतली हॉलंडहून आलेल्या गरीब ज्यूंनी. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला एक पेनी देऊन जमवलेल्या पैशांतून हे झालं.

इथे मात्र एक अडचण होती. जुन्या चर्चचं दार पार्लमेंट कोर्टच्या बाजूला होतं, म्हणजे नेमकं त्याच भिंतीत जिथे जेरुसलेमकडे तोंड करून तोराचं कपाट यायला हवं. नेथन सॉलोमन जोसेफ या वास्तुकाराने १८७० मध्ये तोडगा काढला: जुनं दार विटांनी बुजवलं, कपाट तिथे बसवलं, आणि विरुद्ध बाजूला सँडीज रोवर नवं दार काढलं. म्हणजे इमारत जागची न हलवता तिचं तोंड फिरवलं. आत बघून झाल्यावर वळसा घालून पार्लमेंट कोर्टात जावं आणि मागची बाजू बाहेरून बघावी. सज्जे मात्र तसेच कामी आले. ह्यूगनॉटांच्या सज्ज्यांवर गर्दी बसायची, ज्यूंकडे तिथे स्त्रिया बसू लागल्या.

जवळच ब्रून स्ट्रीटवर गरीब ज्यूंसाठीच्या अन्नछत्राची दर्शनी भिंत आहे. दगडात सुपाचं भांडं कोरलेलं, एका बाजूला १९०२ आणि दुसऱ्या बाजूला ज्यू पंचांगाचं ५६६२. आत आता राहती घरं आहेत, त्यामुळे रस्त्यावरूनच बघावं.

रात्री जेवायला ब्रिक लेनवर पावलोपावली उपाहारगृहं आहेत आणि दारातला माणूस सवलत सांगून आत बोलावतो. बहुतेकांची यादी सारखीच असते. खरं सिल्हेटी जेवण हवं तर दोन शब्द विचारावेत: शातकोरा आणि शुटकी. शातकोरा म्हणजे जाड सालीचं, कडवट-आंबट लिंबू. सालीसकट मटणात घालतात. शुटकी म्हणजे सुकी मासळी. सुकट-बोंबलावर वाढलेल्यांना तो वास घरचा वाटेल.

तिसरा दिवस, शुक्रवार: व्हाइटचॅपल

सकाळी पाऊस थांबला आणि थंडी वाढली. ऑल्डगेट ईस्टच्या पूर्वेला दोन मिनिटांवर अल्ताब अली पार्क. चौदाव्या शतकात इथे चुन्याने पांढरं केलेलं सेंट मेरीचं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, होतं, त्यावरून सगळ्या भागाला व्हाइटचॅपल म्हणू लागले. त्या जागेवरचं शेवटचं चर्च १९४० च्या डिसेंबरात जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालं. त्याच्या पायाची रेघ आज बागेत दिसते. ४ मे १९७८ रोजी शेजारच्या अ‍ॅडलर स्ट्रीटवर अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कामगाराचा वर्णद्वेषातून खून झाला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून ब्रिक लेनपासून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. मशीद सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. इमारत शांतपणे हातोहात गेली असली तरी माणसांना इथे राहण्याचा हक्क तसा शांतपणे मिळालेला नाही. बागेत ढाक्याच्या शहीद मिनाराची छोटी प्रतिकृती आहे. २१ फेब्रुवारीला, भाषा-हुतात्म्यांच्या दिवशी, तिथे फुलं वाहतात.

व्हाइटचॅपल रोडने आणखी पाच मिनिटं गेलं की १९८५ मध्ये उघडलेली ईस्ट लंडन मशीद. मागच्या फील्डगेट स्ट्रीटवर, मशिदीच्या इमारतींनी तिन्ही बाजूंनी वेढलेलं, १८९९ चं सिनेगॉग उभं आहे. माणसं कमी होत गेली आणि २०१५ मध्ये मशिदीने ते विकत घेतलं. भिंतीला भिंत लावून दोघे कितीतरी वर्षं शेजारी होते. व्हाइटचॅपल स्टेशनवर नाव बंगालीतही लिहिलेलं आहे, तेही बघून घ्यावं.

बाराच्या आधी ब्रिक लेनवर परत यावं. जुम्म्याला येणारे आधी एकेकटे येतात, मग दहा मिनिटांत गल्ली भरते. उभं राहायला फोर्नियर स्ट्रीटची समोरची बाजू बरी. दारासमोर आणि अरुंद पदपथावर थांबू नये. तिथूनच कोपऱ्यावरचा पोलादी मनोरा पूर्ण दिसतो. सुमारे ९० फूट उंच, नक्षीच्या जाळीचा, वर चंद्रकोर. २००९ च्या अखेरीस तो उभा केला तेव्हा जुन्या विटांच्या भिंतीवर भार न टाकता त्याला पदपथावर स्वतंत्र पाया दिला. संरक्षित इमारतीशेजारी नवं काही उभारण्याची ही पद्धत योग्यच आहे: उद्या काढायचा झाला तर मूळ भिंतीला ओरखडा जाणार नाही.

उरलेल्या वेळात प्रिन्सलेट स्ट्रीटचं १९ नंबरचं घर बाहेरून बघून घ्यावं. १७१९ चं विणकर-व्यापाऱ्याचं घर, आणि १८६९ मध्ये त्याच्या मागच्या बागेवर बांधलेलं सिनेगॉग. घर नाजूक झालंय, त्यामुळे वर्षातून मोजकेच दिवस उघडतं. ते दिवस आधी शोधूनच बेत आखावा.

या आठवड्यात सूर्य साडेचारच्या आत मावळतो. प्रथेप्रमाणे शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे सूर्यास्ताआधी अठरा मिनिटं लागतात, आणि मगरिबची नमाज सूर्यास्त झाला की लगेच. दोन्हींच्या मधल्या अठरा मिनिटांत सँडीज रोहून निघून ब्रिक लेनला पायी पोचता येतं. आम्ही पोचलो तेव्हा सूर्यघड्याळ अंधारात गेलं होतं, पोलादी मनोऱ्यात दिवे लागले होते आणि दारातल्या कप्प्यांत चपला भरत होत्या.